गायरानाची गाणी

गायरानाची गाणी : गावच्या गायरानावर आणि पडीक सरकारी जमिनीवर भूमिहीनांचा हक्क सांगणारी चळवळीची मराठी गाणी. आंबेडकरी जलशाच्या, म्हणजे तमाशाच्या धर्तीवर गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमाच्या, परंपरेतून ती आली.

गायरान म्हणजे गुरे चारण्यासाठी राखलेली जमीन. मालकी सरकारची, वहिवाट गावाची. गावकीत ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्याला तिथे पाय ठेवायलाही जागा नसे. महारांकडे वतनाची हाडोळा जमीन असे खरी, पण ती गावकामाच्या बदल्यात. अपरात्री सांगावा आला तरी उठून निघावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले, त्यामागे हेच जू होते. जमीन हवी, पण ताबेदारीची नको, ही या गाण्यांमागची मूळ भावना आहे.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कुळकायद्यातून गावोगाव पोहोचली. १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला आणि दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारी कुळे मालक झाली. रोजाने राबणारा शेतमजूर मात्र कूळ नव्हता. घाम त्याचाही तोच, पण कागदावर तो कुठेच नव्हता. त्याच्यासाठी मराठवाड्यात १९५३ साली आणि पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९६४ चा सत्याग्रह बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबरला सुरू झाला आणि देशभर पसरला.

जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि आशय पालटला. सत्यशोधकांनी आधीच गणातला गणपती आणि गौळणीतला कृष्ण बाजूला सारला होता. आंबेडकरी जलशात त्या जागी समाजाचे प्रश्न आणि बाबासाहेबांचा विचार आला. शाहीर एक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि दुसऱ्या फेरीला समोरची माणसेही म्हणू लागतात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही मागणी अशी तोंडपाठ होते. कुठल्याही छापील पत्रकाला हे साधले नसते.

आंबेडकरी चळवळीचे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी टाटा-बिर्लांचे नाव घेऊन धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठे, असे गाण्यातून विचारले. ‘वाटा’ हा शब्द नेमका आहे. भावकीत वाटा मागतात तो हक्काने, भीक म्हणून नव्हे. या गाण्यांचे सारे बळ त्या एका शब्दात आहे असे म्हणता येईल.

भूमिहीनाने गायरान कसायला घेतले की सरकारदरबारी त्याला ‘अतिक्रमण’ म्हणतात. कसणाऱ्याला दंड होतो, आणि ती दंडाची पावती घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपली जाते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तेव्हा ताब्याचा पुरावा म्हणून अनेकांनी तहसीलदारापुढे ठेवली ती हीच पावती.