हळदीचा बॉयलर: पार्श्वभूमी

वसमत-हिंगोलीकडे आणि सांगली पट्ट्यात हळद शिजवायला काहिलीच्या जागी वाफेची टाकी आली. बनवणारा बहुतेकदा गावचाच फॅब्रिकेशनवाला. शेतकरी तिला कधी कुकर म्हणतो, कधी बॉयलर. सगळा घोळ या दोन शब्दांतच आहे, कारण बॉयलर ठरला की बॉयलरचा कायदा लागतो.

1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालात कायदा झाला. प्रांतोप्रांतीचे नियम 1923 च्या कायद्याने एका दावणीला बांधले. छोटी भांडी वगळायची मर्यादा आधी 5 गॅलन, मग तिचेच 22.75 लिटर, 2007 पासून 25 लिटर. हळदीच्या टाकीत पाणीच त्याच्या कितीतरी पट असते, म्हणून या सुटीचा उपयोग नाही. उरते दाबाची सूट: चौरस सेंटिमीटरला 1 किलोपेक्षा कमी.

पण कायद्याने बॉयलर ठरायची कळीची अट वेगळीच. वाफ बंद केली तरी भांडे दाबाखाली राहते का? बनवणारे म्हणतात, वाफ हळद भरलेल्या ड्रमात जाते, ड्रमावर नुसते गोणपाट, दाब येणार कुठून? एक ड्रम चालू असेल तोवर हे खरेच आहे. हळद उपसताना त्या ड्रमाचा व्हॉल्व्ह बंद करतात. गडबडीत सगळेच बंद झाले आणि खाली जाळ तसाच असला, की कुकरचा बॉयलर झाला. कागदावरचा 1 किलो भट्टीला ठाऊक नसतो.

आणि 1 किलो म्हणजे किरकोळ नव्हे. 1 मीटर व्यासाच्या सपाट तोंडावर त्याचा भार सुमारे 7,850 किलो. टाकीच्या गोल अंगाला 5 मिमीचा पत्रा हा दाब सहज पेलतो. सपाट तोंड मात्र फुगते आणि कडेच्या वेल्डिंगला उचकटू पाहते. कारखान्यातल्या टाकीला फुगीर डिश एंड (थाळीसारखे तोंड) असतो तो यासाठीच. गावात डिश दाबायचा प्रेस नसतो, म्हणून गॅस कटरने गोल चकती कापून बसवतात. पत्रा कधी भंगारातला, त्याचा दर्जा कोण विचारतो! बोअरच्या पाण्याची खपली तळाला धरली की पत्र्यापर्यंत पाणी पोचत नाही आणि तो तापून मऊ पडतो. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, पण ‘वाफ वाया जाते’ म्हणून त्यावर वीट टांगलेली मी पाहिली आहे.

चाचणी पाणी भरून, चालवायच्या दाबाच्या दीडपट दाबाला घ्यायची. काही जण कॉम्प्रेसरची हवा भरतात. पाण्याने सांधा फाटला तर पाणी उडून दाब उतरतो, दाबलेली हवा मात्र पत्र्यासकट उडते.

2025 साली 1923 च्या जागी नवा कायदा आला. 25 लिटर आणि 1 किलो मात्र तसेच राहिले.