एक लॉक आणि चौसष्ट कोअर

फाइल उघडली, नेटवर्कवरून पॅकेट आलं किंवा नवी प्रोसेस सुरू झाली, की कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, स्वतःच्या नोंदींसाठी थोडी मेमरी लागते. कधी ६४ बाइट, कधी २५६, कधी अख्खं ४ केबीचं पेज. कामात बुडालेल्या सर्व्हरवर हे सेकंदाला लाखो वेळा घडतं, आणि घेतलेली मेमरी बहुतेकदा काही क्षणांतच परतही येते.

प्रोसेसर एकच असेल तर हा व्यवहार जवळजवळ फुकटात होतो. सारख्या मापाच्या मोकळ्या तुकड्यांची साखळी ठेवायची. मागणी आली की तोंडाशी असलेला तुकडा काढून द्यायचा आणि त्याच्या आत लिहिलेला पुढच्या तुकड्याचा पत्ता साखळीच्या तोंडाशी आणायचा. तुकडा परत आला की हेच उलट. प्रोसेसरच्या पाच-सहा सूचनांत (इन्स्ट्रक्शनमध्ये) काम आटोपतं. दुसरा प्रोसेसर आला की दोघांनी एकदम तोच तुकडा उचलू नये म्हणून साखळीला लॉक लावावा लागतो: तो ज्याच्या हाती, त्यानेच साखळीला हात लावायचा. त्यासाठी आणखी दोन-तीन सूचना. सूचना मोजल्या तर खर्च फार तर दीडपट व्हायला हवा. प्रत्यक्षात तो कितीतरी पट होतो, कारण इथे सूचना मोजून काहीच कळत नाही.

प्रोसेसर मेमरी सुट्या बाइटांनी हाताळत नाही. ती त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, कॅश लाइनच्या गठ्ठ्याने येते आणि आजच्या बहुतेक प्रोसेसरांत ही लाइन ६४ बाइटांची असते. एखाद्या लाइनमध्ये लिहायचं असेल तर ती त्या क्षणी त्या एकाच कोअरकडे (चिपवरच्या एका प्रोसेसरकडे) असावी लागते. इतरांकडच्या प्रती रद्द होतात. लाइन स्वतःच्या सर्वांत जवळच्या कॅशमध्ये असेल तर चार-पाच सायकलींत, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत, हाती येते. तीच दुसऱ्या सॉकेटवरच्या, म्हणजे वेगळ्या चिपवरच्या, कोअरने नुकती बदललेली असेल तर शंभर नॅनोसेकंद सहज जातात, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर ३०० सायकली. आणि इथे लाइन एकच नसते. लॉकचा शब्द एका लाइनमध्ये, साखळीचं तोंड कदाचित दुसऱ्या, आणि खुद्द तुकडा तिसऱ्या, कारण पुढचा पत्ता त्याच्यातच लिहिलेला आहे आणि तो दुसऱ्याच कोणीतरी लिहिलाय. पाच सूचनांच्या कामासाठी कोअर शेकडो सायकली नुसता ताटकळतो, तेही रांगेत दुसरं कोणी नसताना. रांग लागली की मग विचारूच नका.

रांगेत उभं राहण्याची पद्धत सुधारता येते. जुन्या स्पिनलॉकमध्ये (मिळेपर्यंत पुन्हापुन्हा तपासत राहायचा लॉक) वाट पाहणारे सगळे कोअर त्याच शब्दाकडे डोळे लावून बसायचे, त्यामुळे लॉक सोडणाऱ्यालाच ती लाइन मिळायला उशीर व्हायचा. लिनक्सने २०१५ साली ४.२ आवृत्तीत रांगेचा स्पिनलॉक आणला. त्यात जो तो आपापल्या लाइनकडे पाहत थांबतो. त्याने गोंगाट कमी झाला, पण रांग तशीच राहिली.

रांगच नको असेल तर प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची साखळी द्यायला हवी, आणि सामाईक साठ्याकडे क्वचितच जायला हवं. पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी १९९३ च्या युझनिक्स परिषदेत मांडलेल्या रचनेचा गाभा हाच आहे. तिच्यातली एक बारीक खुबी नीट पाहण्यासारखी आहे.

समजा प्रोसेसरच्या साखळीत जास्तीत जास्त १० तुकडे ठेवायचे ठरवलं. साखळी भरलेली असताना अकरावा तुकडा आला, म्हणून दहाचा गठ्ठा सामाईक साठ्यात टाकला. पाठोपाठ दोन मागण्या आल्या. पहिली भागली, दुसरीला साखळी रिकामी, की पुन्हा साठ्याकडे धाव आणि पुन्हा लॉक. मग दोन तुकडे परत आले, की पुन्हा काठोकाठ, पुन्हा गठ्ठा साठ्यात. नेमकं काठावर येऊन अडकलं की जवळजवळ दर दुसऱ्या व्यवहाराला लॉक लागतो, म्हणजे स्वतःची साखळी असून नसल्यासारखी.

त्यांनी साखळ्या दोन ठेवल्या, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य भरली की ती अख्खी राखीव होते. राखीव आधीच भरलेली असेल तर तेवढी साठ्याकडे जाते. मुख्य रिकामी झाली की राखीव तिच्या जागी येते. दोन्ही रिकाम्या असतील तरच साठ्यातून दहाचा एक गठ्ठा आणायचा. हिशेब करून पाहा: एकदा साठ्याकडे जाऊन आल्यावर, पुढचे व्यवहार कसेही येवोत, पुन्हा तिकडे जायला किमान दहा व्यवहार व्हावे लागतात. शिवाय साठ्यात तुकडे गठ्ठ्यानेच ठेवलेले असतात, त्यामुळे लॉक हातात असताना फक्त गठ्ठ्याचा पत्ता हलवायचा. तुकडे दहा असोत की शंभर, लॉक धरण्याचा वेळ तोच.

जेफ बॉनविक यांनी १९९४ साली सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी स्लॅब ॲलोकेटर मांडला (स्लॅब म्हणजे सारख्या मापाच्या तुकड्यांत कापलेली पेजं) आणि २००१ मध्ये जोनाथन ॲडम्स यांच्यासोबत त्याला प्रत्येक प्रोसेसरसाठी ‘मॅगझिन’ जोडलं. बंदुकीचं मॅगझिन, त्यात गोळ्या. तिथेही प्रत्येक प्रोसेसरकडे दोनच मॅगझिन असतात, चालू आणि आधीचं. कारण वर सांगितलं तेच. साठ्याच्या लॉकवर गर्दी दिसली की मॅगझिनचा आकार आपोआप वाढतो, ही त्यात पडलेली भर.

या सगळ्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. १२८ कोअर, २०० प्रकारच्या वस्तू, दोन्ही साखळ्या मिळून ६० तुकडे, सरासरी २५६ बाइट धरले तर सगळ्या साखळ्या भरल्यावर सुमारे ३७५ एमबी नुसती अडकून पडते. एका कोअरकडे मोकळे तुकडे पडून असताना दुसऱ्याला ‘मेमरी संपली’ ऐकावं लागू शकतं, म्हणून टंचाईच्या वेळी सगळ्यांच्या साखळ्या झाडून रिकाम्या करण्याची सोय लागतेच. लिनक्सच्या जुन्या स्लॅबमध्ये प्रत्येक नोडसाठी (प्रोसेसर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट) मोकळ्या तुकड्यांच्या वेगळ्या रांगा होत्या. हजार प्रोसेसरांच्या यंत्रांवर या रांगांतच काही गीगाबाइट गुंततात, ही लिनक्सचे विकासक क्रिस्टोफ लॅमिटर यांची २००७ मधली तक्रार. त्यांच्या ‘स्लब’ने रांगा काढून टाकल्या आणि प्रत्येक कोअरला एक स्लॅब तात्पुरता बहाल केला. मोकळी साखळी स्लॅबच्याच आत असते. जुना स्लॅब ॲलोकेटर २०२४ साली लिनक्स ६.८ मध्ये हद्दपार झाला.

स्लबचा रोजचा मार्ग बरीच वर्षं लॉकशिवाय असा चालत आला. कोअर साखळीचं तोंड आणि एक अनुक्रमांक वाचतो, नवं तोंड काढतो, आणि ‘दोन्ही अजून तसेच असतील तरच बदल’ अशी एकच सूचना देतो. मध्येच इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) आला किंवा काम दुसऱ्या कोअरवर हलवलं गेलं तर अनुक्रमांक जुळत नाही आणि पुन्हा सुरुवात होते. या जागेला दुसरा कोअर हातच लावत नसल्याने एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) त्या सूचनेला इतर कोअरना रोखणारा महागडा लॉक उपसर्गही लागत नाही.

कोअरगणिक साखळीची ही युक्ती हमखास फसते ती घेणारा एक आणि सोडणारा दुसरा असताना. एका कोअरने पॅकेट स्वीकारलं, दुसऱ्याने वाचून मोकळं केलं: पहिल्याची साखळी कायम रिकामी, दुसऱ्याची कायम ओसंडलेली. गठ्ठ्याने देवाणघेवाण होते म्हणून एवढं तरी निभावतं. खरा उपाय मेमरीच्या बाहेर आहे. पॅकेट स्वीकारणं आणि ते वाचणारा थ्रेड (प्रोग्रामच्या कामाचा एक धागा) एकाच कोअरवर, निदान एकाच नोडवर आणावेत.

आतापर्यंतचं झालं कर्नलच्या स्वतःच्या तुकड्यांचं. प्रोग्रामांची पेजं हे वेगळं प्रकरण. प्रोग्रामचे पत्ते खऱ्या मेमरीच्या पत्त्यांत बदलावे लागतात. हे भाषांतर प्रत्येक कोअर आपल्या टीएलबी नावाच्या छोट्या कॅशमध्ये जपून ठेवतो, आणि एक्स८६ वर हार्डवेअर कॅशप्रमाणे टीएलबी आपोआप जुळवत नाही. एका थ्रेडने मेमरी सोडली की कर्नल पेज टेबलातली (भाषांतराच्या मूळ तक्त्यातली) नोंद पुसतो, ती प्रोसेस ज्या ज्या कोअरवर चालू आहे त्यांना इंटरप्ट पाठवतो, आणि सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबतो. एखादा कोअर इंटरप्ट बंद करून काम करत असेल तर बाकीचं सगळं त्याच्यापायी खोळंबतं. तोवर ते पेज दुसऱ्याला देता येत नाही. दिलं तर जुनी नोंद धरून बसलेला कोअर दुसऱ्याच्याच डेटावर लिहून मोकळा होईल. ही चूक महिन्यातून एकदा दिसते आणि शोधायला महिनेच लागतात.

इथेही मदतीला येतं ते गठ्ठ्याने काम करणंच. पेजागणिक इंटरप्ट न पाठवता अनेक पेजं मिळून एकदाच पाठवायचा. लिनक्समध्ये एक्स८६ वर ३३ पेजांपर्यंत एकेक नोंद पुसली जाते, त्यापुढे अख्खा टीएलबी रिकामा करणंच स्वस्त मानलं जातं. २ एमबीची मोठी पेजं घेतली तर ५१२ नोंदींच्या जागी एकच उरते. एआरएममध्ये टीएलबी पुसण्याची सूचना सगळ्या कोअरपर्यंत हार्डवेअरच पोचवतं. एएमडीच्या अलीकडच्या सर्व्हर प्रोसेसरांतही अशी सूचना आहे आणि लिनक्स ६.१५ पासून तिचा वापर सुरू झाला.

पेज फॉल्टची (प्रोग्रामने हात लावलेल्या पत्त्याला पेज जोडलेलं नसतं, तेव्हा कर्नलला करावं लागणारं काम) गाठ मात्र बरीच वर्षं सुटली नव्हती. प्रोसेसच्या पत्त्यांच्या नकाशावर एकच मोठा लॉक होता. पेज फॉल्टला नकाशा फक्त वाचायचा असतो, वाचणारे एकाच वेळी कितीही चालतात, मग अडचण कुठली? वाचणाऱ्यालाही लॉकमधला आकडा वाढवावा लागतो. तेही लिहिणंच, त्यामुळे ती लाइन पुन्हा कोअर-कोअर फिरत राहते. २०२३ मध्ये लिनक्स ६.४ ने नकाशाच्या प्रत्येक भागाला वेगळा लॉक दिला आणि बहुतेक फॉल्ट मोठ्या लॉकला न शिवता मार्गी लागू लागले.

आपल्या यंत्रावर यातलं काय नडतंय हे अंदाजाने ठरवू नये. ‘पर्फ’ या लिनक्सच्या मोजमाप-साधनाच्या यादीत स्पिनलॉकच्या संथ मार्गाचं फंक्शन वर दिसलं तर त्याला कोण बोलावतंय ते कॉल ग्राफमध्ये पाहावं. /proc/interrupts या फाइलीत ‘टीएलबी’ नावाची ओळ असते. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून फरक काढावा. तो फार असेल तर बहुधा प्रोग्रामच मोठे बफर दर विनंतीला घेतो आणि सोडतो. ते राखून पुन्हा वापरले की आकडा खाली येतो. आणि स्वतःच्या कोडमध्ये कोअरगणिक साखळ्या केल्या असतील तर त्या ॲरेत कशा बसल्यात तेही बघावं. १६ बाइटांची एक नोंद असेल तर एका कॅश लाइनमध्ये चार कोअर मावतात. लॉक कुठेच नसतो, सामाईक डेटा कुठेच दिसत नाही, तरी वेग लॉक असल्यासारखाच. ‘पर्फ सी२सी’ अशा लाइनी नेमक्या दाखवतं. प्रत्येक नोंद ६४ बाइटांच्या सीमेवर सुरू केली की काम होतं.