कानाच्या नळीतला आवाज: इन-इअर इअरफोनच्या तुलनेची पार्श्वभूमी

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर इअरफोन घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकासमोर दुकानदार चार खोकी मांडतो, किमती सांगतो, पण कानात घालून बघायला एकही खोके फोडत नाही. त्याला दोष देता येत नाही. एकाच्या कानात जाऊन आलेली वस्तू दुसरा पूर्ण पैसे मोजून कशाला घेईल? स्पीकर दुकानात वाजवून घेता येतो, डोक्यावर बसणारा हेडफोनही क्षणभर घालून पाहता येतो. कर्णनलिकेत शिरणाऱ्या इअरफोनची तुलना मात्र बहुतेकांना न ऐकताच, कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा येतो हे दाखवणारे आलेख आणि अभिप्राय वाचून करावी लागते. अशा अभिप्रायांत ‘आवाज’ आणि ‘बांधणी’ असे दोन स्वतंत्र रकाने हटकून असतात. बास (खालचे), मिड्स (मधले) आणि ट्रेबल (वरचे स्वर) एका बाजूला. वायर, कवच आणि टिप्स, म्हणजे कानात शिरणारी मऊ टोके, दुसऱ्या बाजूला. या वस्तूचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा प्रवास पाहिल्यावर ही विभागणी सोयीची असली तरी फसवी आहे, असे माझे मत झाले आहे, कारण इथे बांधणीतला जवळजवळ प्रत्येक बदल आवाजात उतरत आला आहे.

कानात घालायच्या श्रवणयंत्रणेचे पेटंट १८९१ सालचे आहे. अर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच अभियंत्याने टेलिफोनसाठी दोन्ही कानांत बसणारी जोडी योजली होती, तिचे वजन पावणेदोन औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे ५० ग्रॅमपेक्षा कमी असावे असे त्याने नमूद केले होते, आणि टोकांना रबराचे आवरण सुचवले होते. ते रबर कानाला टोचू नये म्हणून तर होतेच, शिवाय त्याने बाहेरचा आवाज अडावा हीही अपेक्षा होती. आजच्या सिलिकॉन टिपचे काम याहून वेगळे नाही.

पुढची महत्त्वाची गोष्ट आली ती संगीताच्या नव्हे, तर आरमाराच्या आणि कर्णयंत्रांच्या वाटेने. अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविनने १९१०च्या सुमारास आरमारासाठी हेडफोन बनवले, त्यात ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ ही रचना होती. चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधोमध लोखंडी पट्टी तोलून धरलेली असते, भोवतीच्या गुंडाळीतून वीज वाहू लागली की ती इकडेतिकडे हलते आणि एका बारीक दांडीने पडद्याला हलवते. थोड्या विजेत मोठा आवाज देणारी ही रचना कर्णयंत्रांना फार सोयीची पडली. १९४६ साली स्थापन झालेल्या नोल्स कंपनीने ती इतकी लहान केली, की ती हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत मावू लागली. कर्णयंत्राचा हेतू माणसाचे बोलणे ऐकू यावे एवढाच असल्यामुळे मधल्या पट्टीतली स्पष्टता जपली गेली आणि खर्जाकडे कोणी फारसे पाहिले नाही. ‘आर्मेचरवाला स्पष्ट असतो, पण त्याला दणका नाही’ हे आजही ऐकू येणारे वाक्य त्याच वंशाची खूण आहे.

सामान्य माणसाच्या कानात मात्र वेगळीच वस्तू आली. १९५४च्या रीजन्सी टीआर-१ पासून खिशातल्या ट्रान्झिस्टरबरोबर एका कानाचा इअरफोन मिळू लागला. सोनीचा वॉकमन १९७९ साली बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत डोक्यावरचे हलके हेडफोन होते. १९८२ साली त्याच कंपनीच्या एमडीआर-ई२५२ने कानाच्या पाळीत अडकवायची बोंडे रुळवली, आणि २००१च्या आयपॉडने ती पांढऱ्या रंगात जगभर पोचवली. त्यांत आर्मेचरऐवजी स्पीकरसारखाच चल-गुंडाळीचा, म्हणजे डायनॅमिक ड्रायव्हर (विजेचे आवाजात रूपांतर करणारा भाग) होता. बोंड कानाच्या तोंडाशी नुसते टेकलेले असे, फट उघडीच राही आणि तिच्यातून बास निसटून जाई.

या उघड्या फटीची किंमत काय होती, हे पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्या पासधारकांना वेगळे सांगायला नको. इगतपुरी सोडून गाडी कसाऱ्याच्या घाटातल्या बोगद्यांत शिरली, की चाकांचा घुमारा गाण्यातला खर्ज झाकून टाकतो आणि अंगठा आपोआप आवाज वाढवू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ऐकणे ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. गाडीतला गोंगाट बाहेरच अडवणारी टिप म्हणूनच चैनीची बाब ठरत नाही.

फट बुजवण्याचा प्रश्न शास्त्र म्हणून हाताळला तो मीड किलियन यांनी. नोल्समध्ये दीर्घकाळ काम केल्यानंतर १९८३ साली त्यांनी एटिमॉटिक रिसर्च ही कंपनी काढली. १९८४चा ईआर-१ हा श्रवणाच्या तपासणीसाठी आणि संशोधनासाठी होता. त्याच विचारातून १९९१ साली संगीतासाठीचा ईआर-४ आला. त्यामागचा मुद्दा थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. आपली कर्णनलिका सुमारे २५ मिलिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी असते. बासरीच्या नळीत जसा ठरावीक सूर घुमतो, तशी ही नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ठळक करते, आणि जन्मापासून आपण जग याच रंगात ऐकत असतो. नळीत इअरफोन ठासला की दोन्ही टोके बंद होतात, ती नैसर्गिक घुमक नाहीशी होते आणि तिच्याऐवजी वर ८,००० हर्ट्झच्या आसपास नवे शिखर उभे राहते. त्यामुळे इअरफोन ‘सपाट’ वाजला तर कानाला तो मंद आणि दबलेला वाटतो. गेलेली घुमक त्याने स्वतःच भरून द्यावी लागते. ईआर-४ ने ती भरून दिली, पण त्यासाठी तीन पाळ्यांची टिप कानात खोलवर सरकवावी लागे, आणि अनेकांनी तो इअरफोन त्याच कारणाने परत ठेवून दिला. याच मालिकेतल्या ‘पी’ आणि ‘एस’ या दोन प्रकारांत ड्रायव्हर एकच असूनही स्वर निराळा होता, कारण फरक होता वायरीतल्या सुमारे ७५ ओहमच्या रोधाचा. बांधणीच्या रकान्यातली वायर आवाजाच्या रकान्यात कशी शिरते, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे नाही.

दुसरी वाट रंगमंचावरून आली. १९९५ साली व्हॅन हेलन या बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ढोलवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी त्यांच्या कानाच्या मापाचे, खालच्या आणि वरच्या पट्टीला स्वतंत्र ड्रायव्हर असलेले मॉनिटर, म्हणजे कलाकाराला मंचावर वादन ऐकवणारे इअरफोन, बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स या कंपनीचा उदय झाला. ‘मापाचा’ याचा अर्थ मला कळला तो कर्णयंत्रांच्या एका केंद्रात स्वतःच्या कानाचा साचा घेताना. आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवतात, मग पिचकारीतून मऊ गुलाबी लगदा भरतात. पाच मिनिटे जबडा हलवायचा नाही, आणि जगातला आवाज त्या बाजूने हळूहळू मिटत जातो. बाहेर काढलेल्या साच्यात नळीची दोन वळणे दिसतात, आणि डावा साचा उजव्याशी जुळत नाही.

मॉनिटरच्या यशानंतर दोनाचे चार, चाराचे आठ ड्रायव्हर होत गेले आणि जाहिरातीत संख्या हाच गुण झाला. मिरवणुकीत ढोल किती आहेत यावरून ताल ठरत नाही, हे नाशिकला कोणी सांगायला नको. ड्रायव्हर वाढले की त्यांच्यातली स्वरांची वाटणी करणारे सर्किट, प्रत्येकाची आवाज नेणारी नळी, तिच्यातली जाळी असे सगळेच जुळवावे लागते. सेनहायझरने २०१२ च्या आयई ८०० मध्ये एकाच ७ मिलिमीटरच्या डायनॅमिक ड्रायव्हरवर विसंबून उलटा युक्तिवाद केला. २०२१ साली सेव्हनएचझेड टाइमलेसमध्ये १४.२ मिलिमीटरचा प्लॅनर, म्हणजे पडद्यावरच तारा पसरलेला ड्रायव्हर आला. त्याच सुमारास केझेड, मूनड्रॉप यांसारख्या चिनी कंपन्यांनी किमती इतक्या खाली आणल्या, की २०२२ चा मूनड्रॉप चू सुमारे २० डॉलरला विकला गेला. यांपैकी बऱ्याच जोडांना काढता येणारी वायर असते, कधी एमएमसीएक्स नावाच्या फिरणाऱ्या सांध्याची, कधी ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची. २०१६ साली आयफोन ७ मधून इअरफोनची वायर जोडायचा जॅक गेला आणि बहुसंख्य लोक बिनवायरी जोडांकडे वळले. त्यांत मात्र पडद्याइतकाच चिपमधल्या प्रक्रियेचा आवाज ऐकू येतो, आणि ती तुलना वेगळीच आहे.

ज्या आलेखांवर आपण खरेदी करतो, त्यांचीही एक जन्मकथा आहे. नोल्सने १९७२ साली केमार हा सरासरी प्रौढ माणसाचा पुतळा बनवला, आणि १९८१ च्या आयईसी ७११ या मानकाने कर्णनलिकेची धातूची प्रतिकृती ठरवून दिली. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांना कोणता समतोल आवडतो हे ऐकवून ऐकवून तपासले. त्यातून निघालेल्या, इन-इअरसाठीच्या आदर्श आलेखाच्या रेषेत डोक्यावरच्या हेडफोनपेक्षा अधिक बास ठेवलेला आहे. हे काम मोलाचे आहे, पण त्यातला कान सरासरी आहे. टिप दोन मिलिमीटर आत-बाहेर झाली की ८,००० हर्ट्झवरचे शिखर सरकते, म्हणून आलेखाचा उजव्या टोकाकडचा, उंच स्वरांचा भाग मी फारसा मनावर घेत नाही.

गेल्या महिन्यात कॉलेज रोडवर एका मित्राच्या घरी आम्ही पाच जोड समोर ठेवून ऐकले. आलेख कोणी उघडला नाही. कसोटीला घेतले ते मित्राने मिरवणुकीत टिपलेले नाशिक ढोलाचे मुद्रण आणि तंबोऱ्याची एक लांब जुळणी. पहिल्या जोडात टिपऱ्याचा टणत्कार स्वच्छ येत होता, पण थापेचा दणका नव्हता, आणि आमच्यातल्या एकाने ‘बास नाही’ असे लिहूनही टाकले. मग लहान टिप काढून मध्यम लावली, आणि तोच ढोल छातीत वाजल्यासारखा आला. दुसऱ्या जोडात तंबोऱ्याची जवारी उजव्या कानात मंद वाटत होती. भिंगाने पाहिल्यावर जाळीच्या अर्ध्या भागावर मळाचा पापुद्रा आढळला, आणि तो पुसल्यावर दोन्ही बाजू सारख्या झाल्या. तिसरा जोड कानात घालताना ‘कट्’ असा बारीक आवाज करी, कारण कवचावरचे हवेचे छिद्र पुरेसे नसल्याने अडकलेली हवा पडद्याला मुडपत होती. त्या छिद्रावर टेपचा तुकडा चिकटवल्यावर बासही बदलला.

त्यानंतर आम्ही तक्त्यातले आवाज आणि बांधणी हे दोन्ही रकाने खोडले. आता प्रत्येक जोडाच्या नावापुढे आधी टिपचे माप लिहिले जाते, डाव्या आणि उजव्या कानाचे निरनिराळे. माझ्या नावापुढे डावीकडे लहान आणि उजवीकडे मध्यम असे आहे.