मोरोक्कोतला तो आठवडा: अदिती अशोक हौशी गोल्फमधून टूरवर कशी गेली

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. महापूर ओसरून जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि कोल्हापुरात अजून घराघरांतला चिखल काढणं चालू होतं. तरी त्या पहाटे अनेकांनी टीव्ही लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिला. टोकियोच्या कासुमिगासेकी कोर्सवर अदिती अशोक नावाची मुलगी पदकाच्या जवळ आहे, एवढंच कळलं होतं. पार म्हणजे काय, बर्डी म्हणजे काय, कमी गुणवाला पुढे कसा, हे सगळं खेळ चालू असतानाच समजून घेतलं गेलं. ती चौथी आली. एका फटक्याने कांस्य हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर जाऊन पडला आणि गोल्फ मागे पडला.

आपल्याकडे अदिती आजही ‘ती चौथी आलेली’ म्हणून लक्षात आहे. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला निर्णायक आठवडा त्याआधी साडेपाच वर्षं, डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत होऊन गेला होता आणि त्याची बातमी इथे कुणी वाचलीही नसेल.

ती आपल्या नजरेतून सुटली, याला कारण आहे. खेळाडू किती पुढे गेला हे आपण एकाच शिडीवर मोजतो: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, परदेशातलं पदक आणि त्या पदकावर नोकरी. राही सरनोबत नेमबाजीत सुवर्ण मिळवते आणि उपजिल्हाधिकारी होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत टीसी म्हणून काम करत पॅरिसहून कांस्य घेऊन येतो. इथल्या आईबापांना ही वाट पाठ आहे. व्यावसायिक गोल्फरची वाट वेगळीच आहे. तिथे पदक दुय्यम असतं, महत्त्वाचं असतं ते टूरचं, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचं, कार्ड. कार्ड म्हणजे वर्षभर त्या टूरच्या स्पर्धांत उतरण्याचा हक्क. ते मिळालं तरी पगार कुणी देत नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीचे (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचे) पैसे सगळं खेळाडूनेच बघायचं. सर्वसाधारण स्पर्धा तीन किंवा चार दिवसांची असते आणि मध्येच ‘कट’ लागतो. त्यात जो बाहेर पडला त्याच्या हाती त्या आठवड्याचं काहीच लागत नाही, उलट खर्च अंगावर येतो. खासबागेत कुस्ती हरलेल्या पैलवानालाही ठरलेली बिदागी मिळते. इथे तीही नाही.

अदितीचा जन्म बंगळूरचा, २९ मार्च १९९८. घरात कुणी गोल्फ खेळणारं नव्हतं. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या कोर्ससमोरच्या हॉटेलात हे कुटुंब नाश्त्याला जायचं. तिथून समोर चाललेला खेळ दिसायचा आणि वयाच्या सहाव्या वर्षात मुलीने हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घेतला. (हे कोल्हापुरात घडलं असतं का? नाश्ता झाला असता, समोर कोर्स दिसला नसता. सरावाला चांगला कोर्स हवा तर इथल्या पोराला दोनशे तीस किलोमीटरवरचं पुणं गाठावं लागेल.)

पुढची सुमारे बारा वर्षं हौशी गोल्फची. आपण ‘हौशी’ सहज म्हणतो, पण गोल्फमध्ये तो नियमाने बांधलेला दर्जा आहे. त्या वेळच्या नियमांनुसार हौशी खेळाडूने व्यावसायिकांना हरवलं तरी बक्षिसाचा चेक त्याच्याकडे यायचा नाही, आणि खेळाच्या जोरावर प्रायोजकही घेता यायचा नाही. अदितीने तेराव्या वर्षी, २०११ मध्ये, बंगळूरला देशातल्या व्यावसायिक महिलांची स्पर्धा जिंकली, ती हौशी म्हणूनच. या काळात सगळा खर्च घरचा. भारतात हा खेळ वरच्या थरातच का राहिला, याचं निम्मं उत्तर इथे आहे. पुरुषांमध्ये अली शेर किंवा एसएसपी चौरासिया कॅडीगिरी करत वर आले. मुलींना ती मागची वाटही नव्हती.

कनिष्ठ आणि राष्ट्रीय जेतेपदं येत गेली. २०१३ ची आशियाई युवा स्पर्धा, २०१४ चं नानजिंगचं युवा ऑलिंपिक, त्याच वर्षी इंचॉनचं एशियाड, इथेही ती खेळून आली. २०१५ मध्ये तिने ब्रिटनमधली महिलांची हौशी स्ट्रोक-प्ले (एकूण फटके मोजून ठरणारी) स्पर्धा जिंकली. तिच्या वयाच्या बऱ्याच मुली इथून अमेरिकेतल्या कॉलेजची स्कॉलरशिप घेतात आणि चार वर्षं तिथल्या संघातून खेळतात. ती वाट सुरक्षित आहे, कारण पदवी हाती राहते. अदितीने ती घेतली नाही. शाळेचं शेवटचं वर्ष चालू असतानाच ती मोरोक्कोला महिलांच्या युरोपियन टूरच्या पात्रता फेरीला गेली. या फेरीला ‘टूर स्कूल’ म्हणतात. नाव शाळेचं असलं तरी तिथे शिकवत कुणी नाही, फक्त परीक्षा असते. शेकडो फटक्यांनंतर एकदोन फटक्यांच्या फरकाने कुणाचं वर्ष ठरतं, कुणाचं बुडतं. सतरा वर्षांच्या अदितीने ती फेरी नुसती पार केली नाही, जिंकली. ती जिंकणारी पहिली भारतीय आणि वयाने सर्वांत लहान. १ जानेवारी २०१६ ला ती व्यावसायिक झाली.

त्या एका कार्डावर पुढचं वर्ष उभं राहिलं. ऑलिंपिकची गोल्फ पात्रता जागतिक क्रमवारीवर ठरते आणि क्रमवारीचे गुण टूरवरच्या स्पर्धांत मिळतात. ऑगस्टमध्ये रिओत गोल्फ ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतला, महिलांचा तर १९०० नंतर थेट तेव्हाच. अदितीने पहिले दोन दिवस ६८-६८ फटक्यांत खेळून पहिल्या दहांत जागा मिळवली, नंतर घसरून ४१ वी आली. बॅग वडिलांनी उचलली होती, टोकियोत आईने. त्यात माया आहेच, पण कॅडीचं बिल हातात घेऊन पाहिलेल्या कुणालाही त्यातला हिशेबही दिसेल.

नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामला महिलांची इंडियन ओपन तिने एका फटक्याने जिंकली आणि महिलांच्या युरोपियन टूरवर जिंकणारी पहिली भारतीय ठरली. दोनच आठवड्यांत कतारही जिंकलं. मोसमाच्या शेवटी ती त्या टूरची सर्वोत्तम नवोदित होती. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एलपीजीए या महिलांच्या टूरचं अंशतः कार्ड मिळालं. तिथे तिच्याआधी नव्वदच्या दशकात कोलकात्याच्या स्मृती मेहरा एकट्याच पोहोचल्या होत्या. २०१७ मध्ये अबू धाबीत तिसरं जेतेपद आलं.

मग पाच वर्षांहून जास्त काळ काहीच नाही. पदकाच्या शिडीवर मोजलं तर ही मधली वर्षं वाया गेली असं वाटेल. पण अमेरिकेतल्या टूरवर दरवर्षी कार्ड टिकवणं हेच तिथलं काम असतं, आणि अदितीची अडचण सगळ्यांना दिसणारी होती: तिचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा मोठा फटका, लांब जात नाही. टोकियोआधी कोविडने ती आणखी अशक्त झाली होती. क्रमवारीत २०० वी असलेली ही मुलगी टोकियोत टिकली ती पुटिंगच्या, म्हणजे भोकाजवळच्या हलक्या फटक्यांच्या, जोरावर. चार दिवसांत ६७, ६६, ६८, ६८. सुवर्ण जिंकणारी नेली कोर्डा १७ अंडर (म्हणजे कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, ‘पार’पेक्षा, १७ कमी), रौप्य-कांस्यवाल्या दोघी १६ अंडर, अदिती १५ अंडर.

२०२३ मध्ये केनियात तिने तब्बल नऊ फटक्यांनी स्पर्धा जिंकली, वर्षअखेर स्पेनही जिंकलं. युरोपियन टूरवरची जेतेपदं पाच झाली. लॉस एंजेलिसला एलपीजीएचं जेतेपद बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हुकलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये तीन दिवसांनंतर ती सात फटक्यांनी पुढे होती. शेवटच्या दिवशी ७७ फटके गेले आणि रौप्यावर समाधान मानावं लागलं. तरी एशियाडमध्ये गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. इंचॉननंतर नऊ वर्षांनी ती एशियाडमध्ये दिसली, कारण मधल्या काळात व्यावसायिकांना तिथे मज्जावच होता. तो हांगझोऊला पहिल्यांदा उठला.

हौशी खेळाडूंवरची प्रायोजकबंदीही जानेवारी २०२२ पासून उठली आहे. म्हणजे आज बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी हौशी राहूनच प्रवासाचा खर्च उभा करू शकते. अदितीला त्यासाठी मोरोक्कोतून कार्ड आणावं लागलं होतं.