पहिला रुग्ण कुठे होता?

भूकंपानंतर हमखास ऐकू येणारी भीती म्हणजे प्रेतांमुळे साथ पसरण्याची. ढिगाऱ्याखाली सापडलेली माणसं जखमांनी मेलेली असतात, पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, नव्हे. जो जंतू जिवंतपणी त्यांच्या अंगात नव्हता, तो मेल्यावर कुठून येणार? तरीही या भीतीपायी घाईघाईने सामूहिक दफनं होतात आणि आपलं माणूस नक्की कुठे पुरलं, हे घरच्यांना कधीच कळत नाही. मला हे फार क्रूर वाटतं.

हैतीचंच पाहू. १२ जानेवारी २०१० रोजी तिथे ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि दहा लाखांहून जास्त लोक बेघर झाले. त्या देशात किमान शंभर वर्षांत पटकीची नोंद नव्हती. त्यामुळे ती येण्याची शक्यता तज्ज्ञांनीही अगदी कमी धरली होती. पण ऑक्टोबरात ती आलीच. भूकंपामुळेच आली, असं अनेकांनी गृहीत धरलं. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की जंतू किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात आधीपासून असावा आणि हवामानामुळे त्याने उचल खाल्ली असावी.

नोव्हेंबरात रेनो पियारू हैतीत दाखल झाले. हे मार्सेयचे डॉक्टर, आफ्रिकेत पटकीच्या साथींचा माग काढत फिरलेले. त्यांनी गावागावाचे रोजचे रुग्णांचे आकडे मिळवले, ते तारखेनुसार नकाशावर मांडले आणि जिथे सुरुवात झाली त्या वस्त्यांवर स्वतः गेले. जंतू समुद्रातून आला असता, तर पहिले रुग्ण किनाऱ्यावर सापडायला हवे होते. ते सापडले आत डोंगराळ भागात, मिरबालेजवळच्या मेये गावात, ऑक्टोबरच्या मध्यावर. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या राजधानीत नव्हे.

नकाशावरची पुढची उडी तर अंगावर काटा आणणारी आहे. २० ऑक्टोबरच्या सुमारास आर्तिबोनीत नावाच्या मोठ्या नदीच्या मुखाकडच्या सखल प्रदेशात, बऱ्याच गावांत एकदमच रुग्णांची रीघ लागली. माणसामाणसातून पसरणारी साथ गावोगाव टप्प्याटप्प्याने सरकते. इतक्या गावांना एकाच वेळी गाठतं ते पाणी. मेयेचा ओढा याच नदीच्या प्रवाहाला मिळतो, आणि तिचंच पाणी कालव्यांनी भातखाचरांत जातं. शेतात राबणारे लोक तहान लागली की तेच पीत.

मेयेच्या ओढ्याकाठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती. तिथली नेपाळी तुकडी ऑक्टोबरातच आली होती, आणि त्याआधी नेपाळमध्ये पटकीची साथ होऊन गेली होती. संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या समितीला छावणीतली नळजोडणी ढिसाळ आढळली. मैला टाकायचा खड्डा उघडा होता आणि पावसात भरून वाहू शकत होता. जंतूंची जनुकं पाहिली, तेव्हा हैतीतला आणि नेपाळमधला जंतू जवळजवळ एकच निघाला. यात सैनिकांना दोष देणं चूक आहे. पटकीचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा किरकोळ जुलाब होतात, पण त्यांच्या शौचातून जंतू बाहेर पडतच राहतो. मैल्याची नीट सोय करणं हे छावणी चालवणाऱ्यांचं काम होतं.

भूकंपग्रस्तांच्या तंबूंच्या वस्त्यांना या साथीची झळ तुलनेने कमी बसली. तिथे क्लोरीन घातलेलं पाणी टँकरने येत होतं.

पियारूंचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. या साथीत आठ लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि जवळपास दहा हजार दगावले. मीठ-साखरेचं पाणी, गरज पडली तर सलाइन, एवढं वेळेवर मिळालं तर पटकीचा रुग्ण सहसा वाचतो. म्हणून हा आकडा सहन होत नाही.

पुढे हैतीत शीघ्र पथकं तयार झाली. रुग्ण कळला की पथक त्याच्या घरी पोचायचं, शेजारपाजारच्या घरांत पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या द्यायचं आणि पाण्याचा स्रोत शोधायचं. फेब्रुवारी २०१९ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ एकही पक्का रुग्ण सापडला नाही. मग २०२२ मध्ये टोळ्यांनी इंधनाचं मुख्य आगार अडवलं, त्यामुळे पाणीपुरवठाही कोलमडला, आणि ऑक्टोबरात राजधानीच्या परिसरात नवे रुग्ण दिसले. त्यांच्यातल्या जंतूची जनुकं २०१० च्या साथीतल्या जंतूशी जुळली.