करुणादृष्टी (ख्रिस्ती धर्मविचार)

दुसऱ्याच्या पापावर निवाडा देण्यापेक्षा त्याच्याकडे दयेने पाहावे, असे सांगणारे ख्रिस्ती नीतितत्त्व. मराठवाड्यातील मंडळ्यांना (स्थानिक ख्रिस्ती समुदायांना) ते ‘दोष काढू नका’ या वचनामुळे (मत्तय ७:१) परिचित आहे. कुसळ-मुसळाचा दृष्टान्त त्याच अध्यायातला. लूकच्या समांतर उताऱ्यात (६:३६–३७) हीच आज्ञा पित्याच्या दयाळूपणाला जोडून येते. निषेध मात्र सरसकट नाही. योहान ७:२४ यथार्थ न्याय करण्यास सांगते आणि पौल करिंथच्या मंडळीला आतल्या दुराचाऱ्याचा न्याय करायला लावतो (१ करिंथ ५). कृत्याला चूक म्हणावे, माणसाचा अखेरचा निवाडा देवावर सोडावा, हा अर्थ बहुतेक भाष्यकारांना मान्य दिसतो.

या तत्त्वाचा सर्वाधिक उद्धृत आधार म्हणजे व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीची कथा (योहान ७:५३–८:११). येशू तिला दोषी न ठरवता, पुन्हा पाप करू नकोस असे सांगून जाऊ देतो. तिचे मूळ वादग्रस्त आहे. सायनाय व व्हॅटिकन या बायबलच्या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत ती नाही. पी ६६ व पी ७५ या पपायरसांतही (लव्हाळ्याच्या कागदावरील हस्तलिखितांतही) नाही. त्यांचा काळ परंपरेने इ. स. २०० च्या आगेमागे धरतात, काही अभ्यासक अलीकडे तो चौथ्या शतकापर्यंत खाली आणतात. बेझा संहिता या हस्तलिखितात (सु. ४००) ती आहे, तर हस्तलिखितांच्या एका गटात ती थेट लूक २१:३८ नंतर येते. पापांचा आरोप झालेल्या एका स्त्रीची कथा पापियास या दुसऱ्या शतकातील बिशपाने सांगितल्याचे चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकार युसेबियस नोंदवतो. ती हीच कथा, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. स्त्रियांना पापाची मोकळीक मिळेल या भीतीने अल्पविश्वासी लोकांनी उतारा गाळला, असे चर्चचे प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीन यांचे म्हणणे. ते हस्तलिखितांच्या पुराव्याशी जुळवणे कठीण जाते. कथा मूळ योहानाची नसावी, पण परंपरा जुनी असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिसऱ्या शतकातील सिरियन ‘डिडास्कालिया’ (चर्चच्या नियमांचा ग्रंथ) पश्चात्ताप करणाऱ्यांना मंडळीत परत घेण्याविषयी बिशपांना बजावताना तिचाच दाखला देते, म्हणजे ती तेव्हाच व्यवहारात रुळली होती.

मराठवाडा निजामी राज्यात असताना जालना हे स्कॉटिश फ्री चर्चच्या मिशनचे ठाणे झाले. तेथील प्रमुख कार्यकर्ते नारायण शेषाद्री (मृ. १८९१) हे मुंबईत १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. मिशनऱ्यांकडे राहिलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला जातीत परत घेण्यावरून मुंबईत मोठा वाद माजला होता. बहिष्कार म्हणजे काय हे त्यांनी घरातच पाहिले होते. जालन्याजवळ त्यांनी वसवलेल्या बेथेल या गावात मुख्यतः मांग व महार समाजांतून आलेली कुटुंबे राहिली. जन्मावरूनच दोषी ठरवलेल्या माणसांना शेती, शाळा आणि उपासनेत जागा देणे हे या तत्त्वाचे तेथील ठळक रूप म्हणता येईल. त्या काळच्या मिशनरी लेखनात मात्र दयेच्या शेजारीच स्थानिक धर्माचरणावर कठोर शेरेही आढळतात.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रोटेस्टंट मंडळ्यांचे संयुक्त चर्च स्थापन झाले. मराठवाडा हा त्याचा एक धर्मप्रांत आहे. औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) कॅथलिक धर्मप्रांत १९७७ चा. कॅथलिक वाचनक्रमात वरील कथा ‘क’ वर्षी (तीन वर्षांच्या चक्रातील तिसऱ्या) ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी वाचतात.