जीमेलमध्ये फोल्डर नसतातच

ऑफिसात वर्षानुवर्षं आउटलुक वापरलेला माणूस जीमेलवर आला की डावीकडची नावांची यादी बघून तिला बिनधास्त फोल्डर म्हणतो. दिसायला ती तशीच आहे: नावाखाली उपनावं घालता येतात, रंगही देता येतो. फरक कळतो तो काहीतरी डिलीट केल्यावर.

फोल्डरमधला मेल एका वेळी एकाच जागी असतो. एलआयसीच्या हप्त्याची पावती घ्या. पॉलिसीचे सगळे कागद एकत्र हवेत म्हणून ती ‘विमा’त ठेवायची, पण जुन्या करप्रणालीने रिटर्न भरणाऱ्याला वजावटीसाठी तीच ‘इन्कम टॅक्स’मध्येही लागते. फोल्डर असतील तर एक निवडा, नाहीतर कॉपी करा. जीमेलमध्ये ती नावं म्हणजे लेबलं, मेलवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसारखी; एकाच मेलला दोन्ही लागतात. मेल एकच, त्यामुळे फुकटच्या १५ जीबीतली जागाही एकदाच जाते.

गडबड इथेच होते. ‘टॅक्समध्ये आहेच की’ म्हणून ‘विमा’त जाऊन मेल डिलीट केला, तर तो दोन्हीकडून जातो आणि ३० दिवसांनी ट्रॅशमधूनही साफ होतो. तिथे मेल डिलीट करायचा नसतो, नुसतं लेबल काढायचं असतं. याच्या उलट, अख्खं लेबल उडवलं तरी मेलच्या केसालाही धक्का लागत नाही. आउटलुकमध्ये फोल्डर उडवा, आतले मेलही त्याच्याबरोबर जातात. (आउटलुकमध्ये लेबलांसारख्या कॅटेगरी आहेत, पण त्यांना हात लावणारे मला फारसे भेटलेले नाहीत.)

गंमत म्हणजे इनबॉक्स हेही लेबलच. अर्काइव्ह केलं की तेवढं लेबल निघतं, मेल ‘ऑल मेल’मध्ये असतोच. ‘मूव्ह टू’ हे बटण फोल्डरची सवय न सुटलेल्यांसाठी: नवं लेबल लावतं आणि इनबॉक्सचं काढतं.

दुसरा गैरसमज असा की लेबल बनवलं की मेल आपसूक तिथे जाऊन बसतील. ते काम फिल्टरचं. कॉम्प्युटरवर सर्चच्या चौकटीत उजव्या टोकाला चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा. ‘फ्रॉम’मध्ये वीजबिल ज्या पत्त्यावरून येतं तो टाका, ‘क्रिएट फिल्टर’ म्हणा, लेबल निवडा. आधी येऊन पडलेल्या बिलांनाही लेबल हवं असेल तर ‘ऑल्सो अप्लाय फिल्टर’ या ओळीवर टिक करा, नाहीतर फक्त पुढच्या मेलना लागेल. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये हे शोधत बसू नका, तिथे फिल्टर बनवायची सोय नाही.

फिल्टर बनवतानाच्या त्याच पर्यायांत ‘स्किप द इनबॉक्स’ असतं. आउटलुकच्या रूलने (तिथला फिल्टरच) मेल फोल्डरमध्ये हलवला की तो इनबॉक्समधून गेलाच. जीमेलचा फिल्टर मात्र लेबल लावूनही मेल समोर ठेवतो; तो नजरेआड करायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. सेलच्या जाहिरातींना खुशाल स्किप लावा. बिलांना आणि बँकेच्या मेलना मी तरी लावणार नाही, मुदत उलटून गेल्यावर कळण्यात काय अर्थ?

हेच खातं थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅमला जोडलं तर तिथे लेबलं फोल्डर म्हणूनच दिसतात आणि ती एलआयसीची पावती दोन फोल्डरांत दिसते. डुप्लिकेट समजून तिथे झाडू फिरवू नका.